दोघांत रोम, चार दिवस, मोजक्या पैशांत: काय आधी, काय नंतर

रोमला जाणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी विमानाचं तिकीट, मग हॉटेल, मग पाहायच्या जागांची लांबलचक यादी, आणि निघायच्या आठवड्यात कोलोसियमचं तिकीट. हे वरातीमागून घोडं आहे. तोवर तिकिटं संपलेली असतात, मग मध्यस्थाकडून दुप्पट-तिप्पट पैसे देऊन ‘गाईडसह’ तिकीट घ्यावं लागतं. बुधवारी सकाळी सेंट पीटर्स चर्चला जावं तर आत सोडत नाहीत, रविवारी व्हॅटिकन संग्रहालय बंद. रोममध्ये खिसा रिकामा होतो तो महागाईपेक्षा चुकलेल्या क्रमाने.

पुढचा सगळा हिशेब दोन मित्र किंवा मैत्रिणी, पूर्ण चार दिवस, दोघंही धडधाकट चालणारे, असं धरून केला आहे. दर युरोत आहेत. पैसे भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

१. निघण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं

ही पायरी सगळे टाळतात आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यात धुसफूस सुरू होते. अर्धा तास द्या, कागद-पेन घ्या.

पहिला प्रश्न रकमेचा. राहणं सोडून माणशी दिवसाला ३८ युरो हा मोजका पण ओढाताण न होणारा आकडा आहे. त्यातले २२ खाण्याचे, ४ फिरण्याचे आणि १२ प्रवेशशुल्काचे. हे १२ कुठून आले? कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि त्याला लागूनची पालातिनो टेकडी मिळून १८, व्हॅटिकन संग्रहालय ऑनलाइन आरक्षणासह २५, पँथिऑन ५. एकूण ४८, भागिले चार दिवस. बाकी बहुतेक रोम फुकट आहे.

दुसरा प्रश्न: प्रत्येकाने ‘हे चुकलं तर वाईट वाटेल’ अशा फक्त दोन जागा लिहायच्या. दोघांच्या मिळून जास्तीत जास्त चार होतात, तेवढ्या पक्क्या. बाकी सगळं वेळ उरला तर.

तिसरा प्रश्न समाईक बटव्याचा. एका लहान चेनच्या पाकिटात दोघांनी ५०-५० युरो टाकायचे. बसचं तिकीट, कॉफी, पिझ्झा, पाणी, शहर-कर (मुक्कामावर लागणारा) हे सगळं त्यातून. संपलं की पुन्हा सारखी रक्कम टाकायची. वाइन, आइस्क्रीम, खरेदी मात्र ज्याची त्याने. एक जण पितो आणि दुसरा पीत नाही, तर बिल निम्मं करायचं की नाही हे टेबलावर बसल्यावर ठरवायची गोष्ट नाही. मोठे खर्च (खोली, संग्रहालयं) ज्याच्या कार्डावरून जातील ते हिशेबाच्या ॲपमध्ये त्याच दिवशी टाका.

शेवटचा प्रश्न, सकाळी किती वाजता उठायचं? एकाला सहा आणि दुसऱ्याला दहा जमत असेल तर आताच कळू दे. मग एक अर्धा दिवस वेगवेगळं फिरायचा ठेवा. त्यात काही वावगं नाही, उलट चौथा दिवस गोडीत जातो.

२. आधी दिवसांचा साचा, मग तारखा

रोमचे वार लक्षात ठेवा:

- रविवार: व्हॅटिकन संग्रहालय बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडतं.
- महिन्याचा पहिला रविवार: कोलोसियम, पँथिऑनसह सरकारी स्मारकं आणि संग्रहालयं फुकट.
- सोमवार: ऑस्तिया आन्तिका (जुन्या बंदराचे अवशेष), बोर्गेझे गॅलरी अशी बरीच ठिकाणं बंद.
- बुधवार: सकाळी पोपची जाहीर भेट असते, त्यामुळे सेंट पीटर्स चर्च दुपारपर्यंत मिळत नाही.
- शुक्रवार: बस-मेट्रोचे संप या वारी बरेचदा येतात.

फुकटच्या रविवारांचा मोह आवरा. चारच दिवसांसाठी येणाऱ्याने १८ युरो वाचवायला तीन तास उन्हात उभं राहणं परवडत नाही. शिवाय त्या दिवशी कोलोसियमची वेळ आधी राखून ठेवता येत नाही, रांगेतच तिकीट मिळवावं लागतं. पँथिऑन त्या दिवशी जमलं तर ठीक.

सगळ्यात सोयीचा साचा मंगळवार ते शुक्रवार. मंगळवारी कोलोसियम-फोरम, बुधवारी शहराच्या कडेला (ऑस्तिया किंवा जलसेतू), गुरुवारी व्हॅटिकन, शुक्रवारी मधलं जुनं शहर पायी. संप झालाच तर शुक्रवारी तुम्हाला बस लागतच नाही. सोमवारी उतरायचं, शनिवारी परतायचं. विमानही या दिवसांना बहुधा शुक्रवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं.

सावध: १५ ऑगस्टच्या आसपास लहान घरगुती खानावळी कुलूप लावून गावी जातात आणि ऊन मी म्हणत असतं. मार्च, एप्रिलचा पहिला भाग, ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबर हे दिवस बरे. ईस्टरचा आठवडा मात्र वगळा.

३. व्हिसा आणि आरक्षणांचा क्रम

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ दिवसांवर अजिबात विसंबू नका, दोन-अडीच महिने हातात ठेवा. शुल्क ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोंचा. दोघं एकत्र जात असलात तरी अर्ज स्वतंत्र, बँकेचे कागद स्वतंत्र. खोलीच्या आरक्षणावर मात्र दोघांची नावं हवीत. एकाच्याच नावावर खोली असेल तर दुसऱ्याच्या अर्जात राहण्याचा पुरावाच उरत नाही. मित्रांच्या अर्जांत ही चूक सहज होऊ शकते. हॉटेलला एक ईमेल करून दुसरं नाव घालून घ्या.

जर्मनी-नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्यांना तिथल्या निवास परवान्यावर इटलीत जाता येतं, वेगळा व्हिसा नको. परवाना आणि पासपोर्ट दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. पण १८ ते २५ वयाच्यांना कोलोसियममध्ये मिळणारी २ युरोची सवलत युरोपीय संघाच्या *नागरिकांना* आहे, तिथे राहणाऱ्यांना नाही. ‘विद्यार्थी आहे, चालेल’ म्हणून सवलतीचं तिकीट काढलं तर दारात अडवतात.

आता क्रम असा लावा:

१. रद्द करता येईल अशी खोली, दोघांच्या नावाने.
२. व्हिसा.
३. साधारण ६० दिवस आधी व्हॅटिकन संग्रहालयाच्या वेळा खुल्या होतात. गुरुवारची साडेदहा-अकराची वेळ घ्या.
४. बरोब्बर ३० दिवस आधी कोलोसियमची तिकिटं खुली होतात. त्या दिवशी संगणकावर आधीच खातं उघडून तयार बसा. वसंतात आणि उन्हाळ्यात सकाळच्या वेळा झपाट्याने संपतात.
५. बोर्गेझे गॅलरी तुमच्या चारांत असेल तर तिचंही आरक्षण आता. दोन तासांची ठरलेली वेळ, आरक्षणाशिवाय प्रवेश धरून चालू नका.

कोलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि दारात पासपोर्ट मागतात. इथे आपल्या नावांचा घोळ होतो. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात काय छापलंय ते पाहूनच भरा. काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव दिलेल्या नावाला जोडून येतं, काहींचा आडनावाचा रकाना चक्क रिकामा असतो. घरचं लाडकं नाव, लग्नाआधीचं आडनाव नको.

तपासा: दोन्ही तिकिटं एकाच वेळेची आहेत ना? प्रत्येकाच्या फोनमध्ये दोघांचीही तिकिटं उतरवून ठेवली आहेत ना? एकाचा फोन बंद पडला तर दुसऱ्याचा चालला पाहिजे.

रोमा पास (शहरातला प्रवास आणि काही स्मारकं मिळून एकच पास) घ्यावा का? बहुतेकांनी घेऊ नये. त्यात व्हॅटिकन येत नाही, कोलोसियमची वेळ तरीही वेगळी राखावी लागते, आणि वरच्या साच्यात तो वसूल होत नाही.

४. मुक्काम

अगदी मध्यात राहायचा हट्ट सोडा. मेट्रोच्या फाटकापासून सात-आठ मिनिटांत चालत पोचता येईल अशी खोली शोधा, मग ती कुठेही असो. सान जोव्हान्नी आणि रे दि रोमा (ए मार्गिका), पिरामिदे आणि गार्बातेल्ला (बी मार्गिका) हे भाग दोघांसाठी चांगले. राहत्या वस्तीत किराणा आणि जेवण दोन्ही स्वस्त पडतं. पिरामिदेला तर विमानतळाची साधी लोकल थेट येते, कारण ऑस्तिएन्से स्टेशन त्याला खेटून आहे.

दोघं असताना वसतिगृहातले दोन पलंग स्वस्तच पडतील असं धरू नका. दोन पलंगांची बेरीज करा, त्यात कुलूप, टॉवेल, नाश्त्याचे पैसे धरा आणि लहान खोलीशी तुलना करा. गर्दी नसलेल्या महिन्यांत खोली बरोबरीत येते.

खोली निवडताना एक शब्द नीट वाचा: ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एकच मोठा पलंग. वेगळे पलंग हवे असतील तर ‘दुए लेत्ती सेपाराती’ असं लिहून मागा आणि होकार लेखी घ्या.

आणि शहर-कर. तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा नसतो, पोचल्यावर वेगळा घेतात, पुष्कळदा रोख. राहण्याच्या प्रकारानुसार माणशी रात्रीला ३.५० ते १० युरो. ६ युरोवाली जागा असेल तर दोघांचे पाच रात्रींचे ६० युरो होतात. म्हणजे वसतिगृह आणि गेस्टहाउस यांची तुलना हा कर मिळवूनच करायची.

५. विमानतळ ते खोली

फ्युमिचिनो विमानतळावरून दोघांचा खर्च असा:

- लिओनार्दो एक्सप्रेस, थेट टर्मिनी या मुख्य स्टेशनाला, ३२ मिनिटं: २८ युरो.
- एफएल१ लोकल, त्रास्तेव्हेरे, ऑस्तिएन्से, तुस्कोलाना, तिबुर्तिना: १६ युरो. ही टर्मिनीला जात नाही.
- बस, टर्मिनीपर्यंत, साधारण तासभर: १४ युरोच्या आसपास.
- पांढरी अधिकृत टॅक्सी, जुन्या तटबंदीच्या आत, ठरलेला दर: दोघांचे मिळून ५५ युरो, सामानासह.

पिरामिदे किंवा सान जोव्हान्नीला मुक्काम असेल तर एफएल१ डोळे मिटून घ्या. रात्री उशिरा उतरत असाल आणि थकला असाल तर टॅक्सीचा खर्च वायफळ नाही. पण आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्याच्या मागे जाऊ नका. बाहेरच्या रांगेतलीच घ्या आणि बसण्याआधी ठरलेला दर बोलून घ्या.

सावध: शहराचं १.५० युरोचं बस-मेट्रो तिकीट विमानतळाच्या गाडीला चालत नाही. रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय चढायचं नाही. फोनवरच्या लोकलच्या तिकिटालाही ‘चेक-इन’ करावं लागतं. पैसे भरले म्हणजे झालं असं समजणाऱ्यांना दंड होतो.

६. शहरातलं फिरणं

१.५० युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं. त्यात बस-ट्राम हव्या तेवढ्या, मेट्रोचा प्रवास मात्र एकच. तिकीट मेट्रोच्या यंत्रात किंवा ‘टी’ पाटीच्या तंबाखूच्या दुकानात घ्या. चार-सहा एकदम घेऊन ठेवा, रविवारी ही दुकानं बंद मिळतात. बसमध्ये चढल्या चढल्या यंत्रात घालून वेळ उमटवा. तिकीट नसेल तर दंड ५० युरोंच्या वर जातो.

बँक कार्ड थेट टेकवूनही जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड हवं. एकाच कार्डाने दोघांना एकदम आत नेता येत नाही.

२४ तासांचा पास ८.५० युरोचा आहे. तो वसूल व्हायला सहा प्रवास लागतात. वरच्या साच्यात दिवसाला दोन-तीनच होतात. घेऊ नका.

संपाच्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ गाड्या मिळतात. इटालियनमध्ये संपाला ‘शोपेरो’ म्हणतात. स्टेशनवरच्या पडद्यावर हा शब्द दिसला की तारीख बघा.

बूट जुने, सरावाचे, जाड तळव्याचे. काळ्या बेसाल्टच्या लहान चौकोनी दगडांचे रस्ते आहेत, दगडांमधल्या फटींत बॅगेचं चाक अडकतं आणि पातळ तळव्यातून प्रत्येक कड टोचते.

७. मंगळवार: कोलोसियम, पालातिनो, फोरम

सकाळची पहिली वेळ घ्या. वीस मिनिटं आधी पोचा, कारण सुरक्षा तपासणीची रांग वेगळी असते. काचेची बाटली, मोठी सॅक, चाकाची बॅग आत चालत नाही.

तिकीट २४ तासांचं असलं तरी कोलोसियममध्ये ठरलेल्या वेळी एकदा आणि फोरम-पालातिनोमध्ये मिळून एकदाच जाता येतं. जेवायला बाहेर पडलात की संपलं. म्हणून कोलोसियम झाल्यावर आधी बाहेरच खाऊन घ्या, बाटल्या भरा, मग पुढे.

कोलोसियममधून बाहेर पडल्यावर सगळे समोरच्या फोरमच्या रांगेत जातात. तुम्ही सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दाराने पालातिनोवर चढा. इथे रांग बहुधा आखूड असते आणि टेकडीवर थोडी झाडांची सावलीही मिळते. वरून फोरमचा सगळा आराखडा एका नजरेत येतो. तो पाहून खाली उतरलं की दगडांच्या ढिगाऱ्यात काय कुठे होतं ते कळतं. उलट केलंत तर भर उन्हात चढण चढावी लागते.

फोरममधून काम्पिदोल्योच्या बाजूने बाहेर पडा. त्या टेकडीवरच्या महापौर कार्यालयाच्या इमारतीमागच्या कठड्यावरून फोरमचं दृश्य फुकट दिसतं, संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा या. सगळ्याला साडेतीन-चार तास धरा. हिवाळ्यात साडेचारला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी, त्यामुळे थंडीत दुपारची वेळ घेणारे फोरमला मुकतात.

८. बुधवार: शहराच्या कडेला

दोन पर्याय. पैसे अजिबात खर्चायचे नसतील तर मेट्रो ए ने जुलिओ आग्रिकोला स्टेशन, तिथून पंधरा मिनिटं चालत जलसेतूंचं उद्यान. प्रवेशशुल्क नाही, फाटक नाही. डबा घेऊन जा.

दुसरा पर्याय ऑस्तिया आन्तिका, रोमचं जुनं बंदर. पिरामिदेला लागूनच असलेल्या पोर्ता सान पाओलो स्टेशनातून गाडी, अर्ध्या तासात पोचते, आणि शहराचंच १.५० युरोचं तिकीट चालतं. प्रवेश १८ युरो, हा ४८ मध्ये धरलेला नाही. फोरमपेक्षा इथे घरं, दुकानं, सार्वजनिक शौचालयं कितीतरी जास्त शाबूत आहेत आणि गर्दी नाही. एकाला हे हवं आणि दुसऱ्याला नको, तर वेगळं फिरायचा अर्धा दिवस हाच.

९. गुरुवार: व्हॅटिकन

लोक आधी संग्रहालय आणि मग दुपारी चर्च करतात. तोवर चौकातली रांग पूर्ण अर्धवर्तुळ झालेली असते. उलटं करा.

सकाळी सातला सेंट पीटर्सच्या तपासणीला उभे राहा. चर्चला प्रवेशशुल्क नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. उन्हाळ्यात बिनबाह्यांचा सदरा असेल तर पिशवीत ओढणी ठेवा. घुमटावर जायचं तर तिकीट वेगळं. पायी पूर्ण ५५१ पायऱ्या, उद्वाहनाने गेलात तरी ३२० उरतातच. शेवटचा जिना अरुंद आहे आणि भिंत अंगावर कलल्यासारखी वाटते. बंद जागेची भीती असणाऱ्याने खालीच थांबावं, आणि भेटायची जागा आधी ठरवावी.

मग संग्रहालय. त्याचं दार चौकात नाही. ते तटाच्या पलीकडच्या बाजूला, व्हियाले व्हातिकानोवर आहे, चौकातून चालत पंधरा मिनिटं. दरवर्षी असंख्य लोक चौकात उभं राहून आपली वेळ घालवतात. वाटेत ‘रांग टाळा’ म्हणणारे दलाल भेटतील. तुमच्याकडे वेळेचं तिकीट आहे, थांबू नका. मधल्या वेळात त्रिओन्फाले मंडईत फळं आणि पाव घेऊन खाऊन घ्या.

आतला मार्ग जवळजवळ एकेरी आहे आणि सिस्टीन चॅपल शेवटी येतं. तिथे फोटो काढायला मनाई आहे, बोलायलाही. चॅपलमधून थेट चर्चमध्ये जाणारं दार मार्गदर्शकासह आलेल्या गटांसाठी असतं, त्यावर बेत आखू नका. मग घाई करायचं कारण उरत नाही. छताकडे बघायला भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबा.

१०. शुक्रवार: जुनं शहर, पायी

इथला क्रम चर्चच्या दुपारच्या सुट्टीवर ठरतो. बरीच चर्च साडेबाराच्या सुमाराला बंद होतात आणि तीन-चारला उघडतात. म्हणून सकाळी चर्च, दुपारी चौक आणि कारंजी.

फ्लामिनिओ मेट्रोवर उतरा. समोरच सान्ता मारिया देल पोपोलो, आत काराव्हाज्जो या चित्रकाराची दोन चित्रं. तिथून सरळ दक्षिणेला चालत सान्त’आगोस्तिनो (आणखी एक काराव्हाज्जो) आणि शेजारीच सान लुइजी देई फ्रान्चेझी (संत मॅथ्यूची तीन). ही सहा मोठी चित्रं शून्य युरोत. पण पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी खिशात ठेवा. चित्राच्या बाजूला भिंतीवर एक लहान पेटी असते. नाणं आत पडलं की खटकन दिवा लागतो, अंधारातून एक हात, एक चेहरा, टेबलावरची नाणी वर येतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा खटकन सगळं काळोखात जातं. बहुतेक लोक फोन काढेपर्यंत दिवा संपवतात. आधी जागा धरा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग नाणं टाका.

पुढे पँथिऑन, तिकीट ५ युरो. मग सान्त’इन्यात्सिओ चर्च: वरचा घुमट सपाट छतावर रंगवलेला आहे. जमिनीवर एक गोल खूण आहे, तिच्यावर उभं राहिलं की घुमट खराखुरा खोल दिसतो, चार पावलं पुढे गेलं की घुमट वाकडा होतो.

त्रेव्ही कारंज्याच्या अगदी काठाशी दिवसा उतरायला पर्यटकांना २ युरो पडतात. वरच्या चौकातून पाहणं फुकट. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून मनाई आहे आणि दंड शेकड्यांत आहे. सूर्यास्ताला पिंचो टेकडीचा कठडा, फुकट.

११. खाणं आणि पाणी

सगळ्यात जास्त पैसे इथेच गळतात, म्हणून जरा सविस्तर.

*कॉफी.* काउंटरपाशी उभ्याने प्यायची, ‘अल बान्को’. खुर्चीत बसलात की दर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची असते.

*दुपारी पिझ्झा अल तालियो.* मोठ्या लोखंडी ताटांतला चौकोनी पिझ्झा वजनावर मिळतो. पाटीवरचा दर किलोचा आहे की ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा, ते आधी पाहा. १.८० एत्तो आणि १८ किलो हे एकच. विक्रेता सुरी ताटावर ठेवून तुमच्याकडे पाहतो. ती जागा म्हणजे तुमचा तुकडा. मोठा वाटला तर हाताने आत सरकवायची खूण करा, तो नि:संकोच सुरी हलवतो. माणशी २५० ते ३०० ग्रॅम पुरतो. दोघांनी चार प्रकारांचे लहान तुकडे घेऊन अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत.

*रात्रीचं जेवण.* स्मारकासमोरची, फोटोवाली यादी लावलेली, दारात बोलावणारी खानावळ सोडून तीन गल्ल्या आत जा. बिलात ‘पाने’ (पाव) किंवा ‘सेर्वित्सिओ’ असे वेगळे पैसे लागतात का, ते यादीच्या तळाशी छापलेलं असतं. मासे १०० ग्रॅमच्या दराने लिहिलेले असतात, पूर्ण माशाचं बिल पाहून हबकायला होतं. दोघांत एक पास्ता, एक पिझ्झा, एक भाजी पुरते.

*शाकाहारींनी हे वाचावंच.* कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रिचा या तिन्हींत डुकराचं मांस असतं. काच्चो ए पेपे दिसायला निरुपद्रवी, पण त्यातलं पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या विकराने विरजलेलं असतं, पार्मिजानो वासराच्या. हे चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ (चीज नको) म्हणा. भोपळ्याच्या तळलेल्या फुलांत आणि पुन्तारेल्ले नावाच्या कोशिंबिरीत बारीक मासा असतो: ‘सेन्झा अलिची’. सुप्ली या भाताच्या तळलेल्या गोळ्यात बहुधा मांसाचा रस्सा. बिनधास्त मागावं असं: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही), लसूण-तेल-मिरचीची स्पॅगेटी, आणि चिकोरिया रिपास्साता. ही लसूण-मिरचीवर परतलेली कडवट पालेभाजी आहे, मेथीची आठवण काढणाऱ्याला ती पावासोबत हमखास आवडते.

खोलीत स्वयंपाकघर असेल तर व्हित्तोरिओ एमानुएले मेट्रोजवळची एस्क्विलिनो मंडई गाठा. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, आलं, डाळी मिळतात, बरेच विक्रेते बांगलादेशी आहेत, हिंदी चालून जातं. रविवारी बंद.

सुपरमार्केटात फळं-भाजी घेताना हातात प्लास्टिकचा मोजा घालतात, फळाच्या पाटीवरचा क्रमांक लक्षात ठेवून स्वतः वजन करतात आणि यंत्रातून आलेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवतात. चिठ्ठी नसली की गल्ल्यावरून परत पाठवतात आणि मागची रांग खोळंबते.

*पाणी विकत घेऊ नका.* रस्तोरस्ती लोखंडी खांबाचे नळ आहेत, साधारण अडीच हजार, नाव ‘नाझोने’ म्हणजे मोठं नाक. पाणी अखंड वाहतं, थंडगार आणि पिण्याचं. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उसळते, तीच प्यायची. फक्त ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथे नको. माणशी पाऊण लिटरची बाटली पुरे.

१२. चोरी, चुकामूक, कार्ड

- ए मार्गिका, टर्मिनी आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस, इथे खिसे साफ होतात. दार बंद होताना ढकलाढकली झाली की आधी खिसा चाचपा. सॅक पोटाशी.
- मूळ पासपोर्ट लागतो कोलोसियमच्या दिवशी. तो आतल्या पट्ट्यात. बाकी दिवशी खोलीत कुलपात, छायाप्रत जवळ. दोघांनी एकमेकांच्या पासपोर्टचा आणि व्हिसाचा फोटो ठेवा.
- दोघांची सगळी कार्डं एकाच पाकिटात नकोत.
- मनगटात दोरा बांधणारा, गुलाब हातात देणारा, सही मागणारा: हात खिशात, ‘नो, ग्रात्सिए’, चालत राहा.
- कार्डयंत्र ‘युरो की रुपये’ विचारतं तेव्हा नेहमी युरो. रुपये दाबले की दर ते यंत्र ठरवतं. रोख काढायची तर बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून, एकदाच, दोन-तीन दिवसांची.
- मेट्रोत एक जण चढला आणि दुसरा राहिला तर चढलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं, राहिलेल्याने पुढची गाडी पकडायची. हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. फोनच्या रेंजवर विसंबू नका.

१३. परतीचा दिवस

मेट्रो सकाळी साडेपाचला सुरू होते. त्याआधीचं विमान असेल तर रात्रीची बस किंवा टॅक्सी आदल्या संध्याकाळी नक्की करा. बटव्यातली उरलेली नाणी रेल्वेच्या तिकीटयंत्रात वापरून टाका, भारतात ती कोणी बदलून देत नाही. यंत्रापाशी ‘मदत’ करायला येणाऱ्याला तिकीट किंवा कार्ड हातात देऊ नका. ऑस्तिएन्सेला फलाट क्रमांक पडद्यावर ऐनवेळी बदलू शकतो, म्हणून गाडी येईपर्यंत एकाने सामानापाशी आणि एकाने पडद्यापाशी उभं राहा. दोन्ही तिकिटं शिक्क्याच्या यंत्रात घाला आणि कागदावर तारीख-वेळ खरंच उमटली आहे का ते पाहूनच डब्यात चढा. एखादं यंत्र कोरंच सोडतं, मग शेजारच्या यंत्राकडे जा.